उतरता खांदा

सिग्नल लाल होता आणि ती रस्ता ओलांडत होती. पाठमोरी. राखाडी ड्रेस, केस मानेवर कसेतरी बांधलेले, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली, त्या बाजूनं कुणी तिला हळूच हाक मारली असावी आणि ती ऐकू की नको अशा विचारात असावी, तसा. त्यानं गाडीचं दार उघडलं. "साहेब, अहो साहेब, आता हिरवा होईल," असं ड्रायव्हर म्हणेपर्यंत तो रस्त्यात उभा होता, दुखऱ्या गुडघ्यांसकट, आणि हाक मारत होता. अगं. नुसतं अगं. बायकोला त्यानं कधी नावानं हाक मारली नव्हती, त्यामुळे हाकेसाठी त्याच्याजवळ एवढाच शब्द होता, आणि तो रस्त्यातल्या कुठल्याही बाईला लागू पडत होता. ती वळली. पोरसवदा चेहरा, कानात वायरी. "काय झालं आजोबा? बरं वाटत नाहीये का?" मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या होत्या. "काही नाही," तो म्हणाला. "ड्रेस छान आहे." आपल्या वयाच्या माणसानं तिच्या वयाच्या मुलीला भर रस्त्यात असं म्हणायचं नसतं हे त्याच्या लक्षात येईपर्यंत ती लगबगीनं पलीकडच्या फुटपाथवर पोचली होती. तो परत गाडीत बसला. "ओळखीच्या होत्या का?" ड्रायव्हरनं आरशातून विचारलं. "हो," तो म्हणाला. "म्हणजे, ड्रेस आपला होता." ड्रायव्हर हसला. "आपलाच असणार, साहेब. अर्धं शहर आपलंच घालतं."

अर्धं शहर. गाडी सरकली आणि तो खिडकीतून पाठी बघत राहिला. बसथांब्यावर एक. औषधांच्या दुकानाच्या पायरीवर एक. एक लठ्ठ, एक काटकुळी, एक सायकल ढकलत नेणारी. सगळ्या नव्हेत, पण मधूनच एखादी त्याच्या दुकानातली निघायची, आणि तिचा उजवा खांदा बोटभर खाली असायचा. मुळात सरळ असला तरी शिवण तो उतरता दाखवायची. हे त्याला नव्यानं कळलं होतं असं नाही. माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि गाडीतून उतरून अगं म्हणणं वेगळं. बायको तर घरी होती, चांगली ठणठणीत, आणि या वेळी शब्दकोडं घेऊन आडव्या शब्दांवर चिडत बसलेली असणार. पाठमोरी दिसलेली बायको मात्र तिशीतली होती. ती इतकी वर्षं कुठे होती हे बायकोलाही सांगता आलं नसतं.

त्याच्या सगळ्या दुकानांतल्या बायकांच्या सगळ्या कपड्यांची पाठ एकाच फर्म्यावरून आली होती. फर्मा म्हणजे पाठीच्या आकाराचा जाड तपकिरी पुठ्ठा. कापडावर ठेवायचा, भोवती खडू फिरवायचा, कातर लावायची. लहान माप, मोठं माप, सगळी त्याच्यातूनच वाढवत-घटवत काढलेली. तो काढला होता मास्तरनं, त्यांच्या पहिल्या कापणाऱ्यानं. एरवी शिंपी अर्धीच पाठ काढतात, कापड दुमडतात, कापून उलगडलं की दोन्ही बाजू सारख्या. मास्तर दुमडायचा नाही. तो आधी एका इस्पितळासाठी कपडे शिवायचा, पोक आलेल्यांचे, एक हात गेलेल्यांचे, आणि तिथून ही खोड घेऊन आला होता: अख्खी पाठ अख्ख्या पुठ्ठ्यावर, दोन्ही बाजू वेगळ्या मोजून. "दुमडायची ती पत्रं," तो म्हणायचा. "माणूस दुमडून सारखा होत नाही." मापाला बाई हवी होती. बायको उभी राहिली. मास्तरनं दिसलं तसं काढलं, उजवा खांदा बोटभर खाली, आणि ते कपडे चालले. का चालले हे कुणालाच धड सांगता आलं नाही. बायका म्हणायच्या, अंगाला बसतो. बाजारातल्या बाकीच्यांनी नकला केल्या, कापड तेच, बटणं तीच, रंगसुद्धा तेच. पण त्यांनी कापड दुमडून कापलं.

आता तो, दुकानांचा मालक, कसा वर आला ते. गाठोडं, जिना, दार. भाड्याचा गाळा, काच, शेजारचा गाळा, मधली भिंत पाडली ती धूळ. दुसऱ्या रस्त्यावर दुकान, दुसऱ्या गावात, मग जिथे तो स्वतः कधी गेलाच नाही अशा गावांत. ही गोष्ट त्यानं इतक्या व्यासपीठांवरून सांगितली होती की आता ती तोंडातून बाहेर पडताना ठरलेल्या घड्यांवरच पडायची. सुरुवातीला आमच्याकडे काय होतं? दोन गाठोडी आणि चार पाय. दार वाजवणारा पुरुष बायकांना नको असतो, बाई चालते. म्हणून बायको वर जायची, उजव्या खांद्यावर गाठोडं टाकून, आणि मी खाली दुसऱ्या गाठोड्यावर बसून राहायचो. (इथे थांबायचं. पाणी प्यायचं.) मंडळी, आमच्या कपड्यांचा खांदा उतरता आहे, कारण आमच्या पहिल्या गाठोड्यानं तिचा खांदा उतरवला. टाळ्या. पहिल्या रांगेत बायको मांडीवरची कार्यक्रमपत्रिका सरळ करत असायची.

पण व्यासपीठावर जे कधी आलं नाही तेच आता गाडीत येत होतं. नव्या कापडाची खळ, तिचा नाकात बसणारा पिठूळ वास. अनोळखी इमारतींचे जिने, खालून वर बघितलं की कठड्यांचा नुसता पिळा दिसायचा, आणि त्या पिळ्यात कुठेतरी वर दाराची साखळी वाजायची, मग तिचा आवाज, घरच्यापेक्षा जरा उंच, जरा गोड. मग दार लागायचं, नाहीतर उघडं राहायचं. उघडं राहिलं की तो गाठोड्यावर सैल होऊन बसायचा. वर बायका हसायच्या. कशाला हसतात हे त्याला कधीच कळलं नाही, विचारलं तर ती म्हणायची, "पुरुषांना सांगण्यासारखं असतं तर तुम्हालाच नसतं पाठवलं वर?" आणि मग उतरणारी पावलं. ती दिसायच्या आत त्याला पावलांवरून कळायचं किती विकलं गेलं ते. भरलं गाठोडं घेऊन उतरणारं पाऊल पायरीवर आधी टाच टेकतं. रिकामं झालं असेल तर ती शेवटच्या दोन पायऱ्या गाळायची. आता त्याच्या सगळ्या मोठ्या दुकानांत सरकते जिने होते, लोक पुतळ्यांसारखे उभ्या उभ्या वर जायचे, उभ्या उभ्या खाली यायचे, आणि कुणी काय घेतलं हे पावलांना माहीत नसायचं. बरकत म्हणजे हीच असेल. पण तो जिन्याखालचा माणूस, वर न बघता कान देऊन बसलेला, त्याच्याइतका श्रीमंत माणूस पुढे त्याला कुठल्याच बैठकीत भेटला नव्हता. (हे वाक्य भाषणात घालावं, असं वाटलं. वाटल्याबरोबर ते नासलं.)

आणि लेक म्हणत होती, खांदा सरळ करायचा.

लेकीला घरात बटण म्हणत. लहानपणी दिसेल ते बटण तोंडात घालायची. आता चाळिशी ओलांडून ती सगळा धंदा बघत होती, त्याच्यापेक्षा नीट, हे तो बाहेर सांगायचा आणि घरी कबूल करायचा नाही. "बाबा, हँगरवर वाकडं दिसतं," ती काही महिन्यांपासून म्हणत होती. "फोटोत तर फारच. लोक आता घालून बघत नाहीत, बघून घेतात. आणि परत पाठवतात. वर लिहितात, शिलाई चुकली."

"चुकलेली नाही ती."

"मला माहितीये हो. आईचा खांदा आहे. पण आईचा खांदा अजून किती वर्षं विकायचा?"

त्यानं विषय टाळला होता. चांगला आठवडाभर. मग आज ती कचेरीत त्याच्या खोलीत आली, दार लावून घेतलं, आणि उभ्यानंच बोलली. उद्या सकाळी हो किंवा नाही सांगा. नाही म्हणालात तरी राग नाही. पण मग हे सगळं तुम्ही चालवा, मला दुसरीकडून विचारणा आहे, मी जाईन. "तुमच्या फर्म्याखाली मला काहीच कापता येत नाही, बाबा." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं होतं, भांडता आलं असतं. एका बाजूला पोटची पोर आणि दुसऱ्या बाजूला पुठ्ठा. असं मांडलं की उत्तर सोपं होतं. पण तो पुठ्ठा नव्हता ना. तो सरळ केला की ती जिन्यावरून उतरणारी बाई रस्त्यातून, बसथांब्यांवरून, पायऱ्यांवरून एकेक करून निघून जाणार होती, जुने कपडे फाटतील तशी, आणि शेवटचा ड्रेस कुणीतरी फडकं म्हणून वापरायला घेतला की मग

घर आलं. बायको खिडकीशी बसली होती.

"आज रस्त्यात तू दिसलीस," तो म्हणाला.

"मी तर घरी होते. पाण्याच्या टाकीवाला आला होता, त्याला विचारा."

"तशी नाही गं. पाठमोरी. आपला राखाडी ड्रेस घातलेली एक मुलगी होती. खांद्यावरून वाटलं."

"कुठल्या खांद्यावरून?"

"तुझ्या. उजव्या."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "काय झालंय माझ्या उजव्या खांद्याला?"

"उतरता आहे ना."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? जगाला माहीत आहे."

"जगाचं जाऊ दे. चष्मा आहे ना डोळ्यांवर? या इकडे, मागे उभे राहा." ती टेबलाला धरून उठली, मग टेबल सोडलं. "बघा. आणि सांगा."

त्यानं बघितलं. पडद्याच्या वरच्या दांडीची आडवी रेघ तिच्या मानेमागे होती, आणि त्या रेघेखाली दोन खांदे, म्हातारे, पूर्वीपेक्षा अरुंद, पण एका पातळीत. त्यानं मान वाकडी करून बघितलं. पुढे होऊन बघितलं. हात लावून बघितलं.

"वयानं सरळ झाला असेल," तो म्हणाला.

"वयानं माणसं वाकतात हो."

"पण गाठोडं..."

"गाठोडं मी डोक्यावरून न्यायचे. एका हातानं ते धरायचं की दुसरा कठड्याला मोकळा. खांद्यावर टाकून ते जिने चढले असते तर माझं हाड तरी मिळालं असतं का तुम्हाला? तुम्ही बसायचात खाली मान घालून. वर बघायचात कुठे?"

"मग मी इतकी वर्षं भाषणात सांगतोय, आणि तू समोर बसून..."

"लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. म्हटलं असू दे, कुणाचं काय जातंय." ती पुन्हा बसली. "आणि खरं सांगू? चार लोकांत तुम्ही माझ्याबद्दल काहीतरी बोलायचात. घरी कुठे बोलायचात?"

तो समोरच्या खुर्चीत बसला. बसला म्हणजे खुर्ची तिथे होती म्हणून बरं. "मग फर्म्यातला खांदा कुणाचा?"

"तुमच्या लाडक्या बटणाचा पराक्रम तो." बायको आता हसायला लागली होती, ओठ मिटून, जुनं काहीतरी आठवलं की हसायची तशी. "मास्तर माप घ्यायला आले आणि ही कडेवरून उतरेना. दात येत होते. खाली ठेवली की किंचाळायची, आणि ती किंचाळली की खालचे म्हातारबुवा काठीनं छत ठोकायचे. मास्तर म्हणाले, राहू दे, आहे तशी उभी राहा. आता डाव्या कडेवर हा भोपळा, मग उजवीकडे कलायला नको? मी म्हटलंसुद्धा, अहो मास्तर, असं वाकडं माप चालेल का? तर म्हणाले, रिकाम्या हातांनी उभी असलेली बाई मी अजून पाहिली नाही. चालेल."

"मी होतो की तिथे," तो म्हणाला. "मी टेपचं दुसरं टोक धरलं होतं."

"तुम्ही काच बघायला गेला होतात. दुकानाची दर्शनी काच. आलात तेही काचेचंच बोलत आलात, केवढी मोठी, किती स्वच्छ, पलीकडचा माणूस कसा दिसतो. पोरीला ताप चढला होता तोवर. आम्ही दोघी झोपून गेलो, तुम्ही भिंतीला सांगत बसला होतात."

"तू कधी बोलली नाहीस."

"विचारलंत कधी? काखेत कळसा नि गावाला वळसा."

"तिला माहीत आहे?"

"तिला कसं असणार? दात येत होते म्हणतेय ना तिला." तिनं पेन्सिल उचलली, कोड्याकडे बघितलं, परत ठेवली. "आता एवढे मागे येऊन उभेच राहिला होतात, तर जरा चोळून द्या. सरळ असला तरी दुखतो."

तो उठून मागे गेला. तिच्या खांद्यावर अंगठे फिरवत राहिला आणि ती मापाची खोली मनात पुन्हा उभी करायला लागला. नाही. पुन्हा. खोलीत मास्तर, तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. खिडकीत उजेड. बायको पाठमोरी. आणि तो स्वतः टेपचं टोक धरून. इतक्या वर्षांत अंगठ्याखालचा टेपचा गुळगुळीतपणासुद्धा त्याच्या आठवणीत पक्का झाला होता. आता तो टेप ओढायला गेला तर दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. काच मात्र खरी होती. काचवाल्यानं ती भिंतीला टेकवून उभी केली होती आणि तो पहिल्यांदाच आपल्याला डोक्यापासून पायांपर्यंत एका तुकड्यात दिसला होता. किती वेळ बघत राहिला होता. मागचा रस्ताही दिसत होता काचेत, येणारे-जाणारे, आणि त्याला वाटलं होतं की ही सगळी माणसं आता आपल्यातून आरपार जाणार, कपडे घेऊन बाहेर पडणार. तसंच झालंही. आणि त्याच वेळी तिकडे, खळीच्या वासाच्या खोलीत, एक मूल कडेवरून उतरायला तयार नव्हतं, आणि एक बाई वाकडी उभी होती. ते त्यानं पाहिलं नव्हतं. न पाहिलेलंच तो पुढे आयुष्यभर विकत आला. रस्त्यात दिसली ती बायको नव्हतीच. बायकोचे खांदे त्याच्या अंगठ्यांखाली होते, गरम, सरळ, आणि आज प्रथमच ओळखीचे होत होते. मग ती जिन्यावरची? तिची पावलं? तेवढी तरी आपली म्हणायला हरकत नसावी. टाच आधी. शेवटच्या दोन पायऱ्या गाळून. विचारावं का हिला? विचारलं आणि ती म्हणाली, मी कुठे गाळायचे, तर? त्यानं विचारलं नाही. "जरा डावीकडे," बायको म्हणाली.

सकाळी कचेरीत लेकीच्या खोलीत पडदे ओढलेले होते आणि मोठ्या पडद्यावर एक राखाडी धड स्वतःभोवती फिरत होतं. डोकं नाही, हात नाहीत. हजारो बायकांची मापं मशीननं घेतली, त्यांची सरासरी काढली, तिनं मागे एकदा सांगितलं होतं. कुणाचीच नसलेली पाठ. त्यावर लाल रेघेनं जुना फर्मा ठेवलेला होता, उजवीकडे बोटभर खाली घसरलेला. लेक उभी होती. तिनं नीट इस्त्रीचे कपडे केले होते, नोकरीच्या मुलाखतीला करतात तसे, आणि त्याला कळलं की ती 'नाही' ऐकायच्या तयारीनं आली आहे.

"कर सरळ," तो म्हणाला.

तिला हे ऐकायचं नव्हतं असं नाही, पण ते या बाजूनं येईल असं वाटलं नव्हतं. "आई काही बोलली का?"

"आईचा खांदा सरळच आहे. मी काल बघितला."

"म्हणजे?"

"म्हणजे ते तुझं वजन आहे." त्यानं लाल रेघेकडे बोट केलं. "माप घेताना तू कडेवर होतीस. उतरेनास. मास्तरनं तुझ्यासकट माप घेतलं. आई सांगत होती."

ती पडद्याकडे वळली. धड फिरत फिरत पाठमोरं झालं, समोर आलं, परत पाठमोरं. "हे आत्ताच का सांगितलंत?" ती म्हणाली. "इतके महिने मी तुमच्याशी भांडतेय. आज तुम्ही हो म्हणालात. हो म्हणून गप्प बसायचं ना, बाबा."

"मला कालच कळलं."

"आता मी काय करू?" तिचा हात माऊसवर होता आणि हलत नव्हता. "इतक्या बायकांच्या अंगावर मी होते? इतकी वर्षं?" मग एकदम, लहान आवाजात, "ठेवायचं का मग?"

त्याला ठेवायचं होतं. आत्ता, कालपेक्षा कितीतरी जास्त. हो म्हटलं असतं तर तिनं ठेवलंही असतं, आणि पुढे आयुष्यभर ती त्याच्या गोष्टीत उभी राहिली असती, न थकता, कडेवरची कडेवरच. नवी गोष्ट जुनीपेक्षा चांगली होती. पाणी कुठे प्यायचं तेसुद्धा त्याला दिसलं. तो पुढे झाला. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण तिला ती सवय राहिली नव्हती आणि त्याला कधी नव्हतीच.

"बटण," तो म्हणाला, "उतर आता खाली."

ती हसली की रडली ते तिनं त्याला दिसू दिलं नाही. माऊस वाजला. लाल रेघ उजवीकडून सावकाश वर यायला लागली, अडखळत, मशीनला शंका आल्यासारखी, आणि शेवटी धडाच्या खांद्यावर जाऊन बसली. तिथे आता एकच रेघ होती. तो बघत राहिला. अंग हलकं होईल असं त्याला वाटलं होतं. झालं नाही. उलट डाव्या बाजूला, कमरेच्या जरा वर, जिथे त्यानं स्वतः कुणाला फारसं कधी घेतलंच नव्हतं, तिथे काहीतरी जड, ऊबदार, दात येणारं, घट्ट धरून बसलं होतं, आणि ते पडू नये म्हणून तो जरा उजवीकडे कलून उभा राहिला.